मडगावला दोन रूट जोडताना मेमरी कुठे संपते?

प्रश्न : काका, मी ट्रेन्झमध्ये, म्हणजे संगणकावर रेल्वे बांधून चालवायच्या सिम्युलेटरमध्ये, दोन रूट बनवलेत. एक वास्को–मडगाव–कुळे–कॅसलरॉक आणि दुसरा कोकण रेल्वेचा पेडणे ते लोलये. वेगवेगळे चालवले तर दोन्ही झकास चालतात. मडगावला एकमेकांना जोडायला गेलो की मर्ज होता होता स्क्रीन गोठते आणि ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून प्रोग्राम बंद पडतो. दुकानातल्या माणसाने सांगितलं म्हणून रॅम ८ची १६ जीबी केली. तरी अडतं ते तिथेच. माझी आवृत्ती जुनी, ३२ बिटची आहे. आता काय करू?
(कॉलेजविद्यार्थी, कुडचडे)

उत्तर : रॅम दुप्पट झाली आणि अडायची जागा तीच राहिली, यातच अर्धं निदान आहे. तुझ्या मशीनमध्ये जागा भरपूर आहे, पण प्रोग्रामचा हात तिथवर पोचत नाही. ३२ बिटचा प्रोग्राम जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मोजू शकतो, आणि त्यातले विंडोज साधारणपणे २ जीबीच त्याच्या हाती देते. प्रोग्राम ‘लार्ज ॲड्रेस अवेअर’ म्हणून, म्हणजे २ जीबीपुढचे पत्तेही वापरता येतील असा, बांधलेला असेल आणि विंडोज ६४ बिटची असेल, तरच पूर्ण ४ जीबी मिळतात. मशीनमध्ये १६ जीबी घाल नाहीतर ६४, हा आकडा तसूभरही हलत नाही. रॅम विकत घेण्याआधी हे कुणीतरी तुला सांगायला हवं होतं. कॉलेजच्या मुलाला ते पैसे थोडे नसतात.

तुझी भिंत २ची की ४ची, ते आधी डोळ्यांनी बघ. टास्क मॅनेजर उघडून ‘डिटेल्स’मध्ये जा, रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक कर आणि ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘प्लॅटफॉर्म’ (प्रोग्राम ३२ बिटचा की ६४चा) व ‘कमिट साइज’ (प्रोग्रामने मागून घेतलेली मेमरी) हे दोन रकाने लावून घे. मग ही खिडकी बाजूला ठेवून मर्ज सुरू कर. आकडा चढत चढत २ जीबीच्या अलीकडे येऊन प्रोग्राम कोसळला, तर २ची भिंत. साडेतीनच्या पुढे गेला, तर ४ची. आकडा बराच खाली असताना कोसळला, तर मात्र मेमरीपेक्षा एखादी बिघडलेली वस्तू किंवा मोडलेला डेटाबेस असण्याची शक्यता जास्त. तेव्हा आधी डेटाबेस रिपेअर चालव आणि कंटेंट मॅनेजरमध्ये दोन्ही रूटना लागणारी एखादी वस्तू गायब नाही ना, हे तपास.

भिंतीला टेकायच्या थोडं आधीच प्रोग्राम मेला तर चक्रावून जाऊ नकोस. त्याला पुष्कळदा एकसलग मोठा तुकडा लागतो. कोकणकन्येत बारा बर्थ रिकामे असतात, पण ते बारा डब्यांत विखुरलेले, म्हणून सहा जणांच्या कुटुंबाला एकत्र जागा मिळत नाही. तसंच इथे. तासभर सर्व्हेअरमध्ये, म्हणजे ट्रेन्झच्या रूट बांधायच्या भागात, काम केल्यावर मेमरी अशीच विस्कटलेली असते. म्हणून मर्ज करायचं ते प्रोग्राम बंद करून, पुन्हा उघडून, पहिलंच काम म्हणून. शिवाय जुन्या प्रोग्रामांत ग्राफिक कार्डाकडे पाठवलेल्या टेक्स्चरची, म्हणजे वस्तूंवर चढवलेल्या चित्रांची, एक प्रत बरेचदा प्रोग्रामच्या स्वतःच्या जागेतही राहते. तेव्हा ड्रॉ डिस्टन्स (किती दूरवरचं दाखवायचं ते अंतर) अगदी कमी कर आणि कॅमेरा मडगावच्या यार्डात न ठेवता एखाद्या ओसाड बोर्डावर, म्हणजे ट्रेन्झच्या ७२० मीटर बाजूच्या चौरस जमिनीच्या तुकड्यावर, नेऊन ठेव.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या दोन रूटांत एक तुकडा सामाईक आहे. वास्कोहून येणारा दक्षिण पश्चिम रेल्वेचा मार्ग आणि वेर्ण्याकडून येणारी कोकण रेल्वे माजोर्ड्याला भेटतात आणि मडगावपर्यंत सोबत जातात. मडगाव सोडलं की एक बाळ्ळी-काणकोणकडे वळते, दुसरी चांदर-सावर्ड्याकडे. म्हणजे माजोर्डा ते मडगाव तू दोनदा बांधलायस. ट्रेन्झ एकावर एक आलेले बोर्ड स्वीकारत नाही, त्यामुळे कुठल्यातरी एका रूटमधून हा तुकडा काढावाच लागणार. माझं मत विचारशील तर कोकण रेल्वेचा रूट अखंड ठेव आणि वास्कोच्या रूटमधून हा भाग काप. कापताना एक पथ्य पाळ. यार्डात किंवा सांध्यांवर कधीच कापू नये. एका बाजूला कासावली आणि माजोर्ड्याच्या मध्ये, दुसऱ्या बाजूला मडगाव आणि चांदरच्या मध्ये, जिथे रूळ साधे आणि सरळ आहेत, तिथे बोर्डाच्या कडेवर काप.

तसं कापल्यावर वास्कोच्या रूटचे आपोआप दोन तुकडे होतात. एक वास्को–दाबोळी–साकवाळ–कासावली आणि दुसरा चांदर ते कॅसलरॉक. हेच तुला हवंय! जो घास एका वेळी गिळता येत नव्हता त्याचे दोन घास झाले. प्रत्येक तुकडा वेगळ्या नावाने सेव्ह कर. आधी लहान, म्हणजे वास्कोचा तुकडा कोकण रेल्वेच्या रूटला जोड. नव्या नावाने सेव्ह कर, प्रोग्राम पूर्ण बंद कर, पुन्हा उघड आणि सांध्यावरून एक छोटी गाडी चालवून बघ. वास्को–कुळे पॅसेंजर कासावलीहून माजोर्ड्यात न अडखळता शिरली की मगच घाटाकडचा तुकडा हातात घे. तो एवढ्यानेही जड झाला तर सावर्डे आणि कुळ्याच्या मध्ये आणखी एकदा काप.

मर्जच्या नकाशात दुसरा रूट सरकवता येतो, पण पूर्ण बोर्डाच्या मापाने, म्हणजे ७२० मीटरच्या उडीने. दोन्ही रूट तू एकाच नकाशावरून, एकाच आरंभबिंदूपासून केले असशील तर रूळ रुळाला लागतील. नसतील, तर फरक कुठल्याही दिशेला ३६० मीटरपर्यंत असू शकतो आणि मधला रूळ नव्याने वळवून घ्यावा लागेल. सांध्याच्या दोन्ही बाजूंची उंचीही आधी टिपून ठेव. नाहीतर चांदरच्या अलीकडे शेतात अचानक कडा उभा राहतो.

हे सगळं करण्याआधी दोन्ही मूळ रूट सीडीपी फाइल (ट्रेन्झमधून बाहेर काढलेली, एकत्र बांधलेली फाइल) करून पेनड्राइव्हवर ठेव आणि काम प्रतींवरच कर. पावसाळ्यात करणार असशील तर यूपीएसशिवाय बसू नकोस. सेव्ह चालू असताना लाईट गेली तर रूट अर्धवट लिहिला जातो आणि तो परत मिळवणं फार कठीण होऊन बसतं.

आता वजन उतरवण्याचं. यात तुझा खरा फायदा आहे, कारण याने मर्ज तर होईलच, पण झालेला रूट चालेलही चांगला. जमिनीपासून सुरुवात कर. एका बोर्डात १० मीटरच्या जाळीचे ५,१८४ चौकोन असतात. ५ मीटरची जाळी लावलीस की तेच २०,७३६ होतात, बरोबर चौपट. १० किलोमीटर रुळाला लांबीत १४ बोर्ड लागतात. रुंदीत सात बोर्ड अंथरून सगळीकडे ५ मीटरची जाळी लावलीस तर २० लाखांवर चौकोन होतात. तीनच बोर्ड आणि १० मीटरची जाळी ठेवलीस तर सव्वादोन लाखांच्या आत येतात. एवढ्या फरकापुढे बाकीच्या युक्त्या किरकोळ आहेत.

मग बारीक जाळी कुठे ठेवायची? घाटात. कुळे ते कॅसलरॉकचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे एका बोर्डाच्या लांबीत रूळ जवळजवळ साडेएकोणीस मीटर चढतो. तिथे डोंगर कापून काढलेली वाट, बोगद्यांची तोंडं, दूधसागरच्या पुलाखालची घळ, हे १० मीटरच्या जाळीत नीट बसत नाही. कडे बोथट होतात आणि रूळ कुठे जमिनीत घुसतो, कुठे अधांतरी राहतो. मागून बँकर इंजिनं ढकलतायत आणि मालगाडी सोनावळीहून दूधसागरकडे चढतेय, हे ज्याने प्रत्यक्ष बघितलंय त्याला तिथली जमीन खोटी दिसलेली चालणार नाही. तिथे कंजुषी करू नकोस. पण माजोर्डा-सुरावलीच्या सपाट शेतांना १० मीटर पुष्कळ झाले. जुवारीच्या पुलापाशी क्षितिजापर्यंत पाणी दिसावं म्हणून अंथरलेले बोर्डही बघ. इंजिनाच्या खिडकीतून जे दिसतच नाहीत ते सरळ काढून टाक.

दुसरं वजन झाडांचं. गोव्याचा रूट म्हटला की माड आलेच, आणि जो तो मिळेल तिथून माड उतरवून घेतो. एकाच जातीचे हजार माड लावलेस तर त्यांचं टेक्स्चर मेमरीत एकदाच येतं. दहा जणांनी बनवलेले दहा प्रकारचे माड लावलेस तर दहा वेळा येतं. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचं एक टेक्स्चर न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवलं तर १६ एमबी, त्याच्या लहान आवृत्त्या धरून २१च्या पुढे. १०२४चं घेतलंस तर त्याच्या चौथाई. रुळापासून दूरच्या माडाला २०४८चं टेक्स्चर कशाला? सर्व्हेअरमधल्या ‘रिप्लेस ॲसेट्स’ने सगळे माड दोन-तीन प्रकारांवर आण. हे दोन्ही रूटांत मर्जच्या आधी कर आणि दोन्हीकडे तेच प्रकार ठेव. एका रूटात एक सिग्नल, दुसऱ्यात दुसऱ्याच बनावटीचा सिग्नल असं असेल तर जोडल्यावर दोन्हींचा भार एकत्र पडतो. विजेचे खांब, स्लीपर, प्लॅटफॉर्मच्या फरश्या यांनाही हेच लागू.

६४ बिटच्या नव्या आवृत्तीवर जाणं हाही मार्ग आहेच, आणि तुझी वाढवलेली रॅम तिथे कामी येईल. फक्त नव्यात सेव्ह केलेला रूट जुन्यात परत उघडत नाही, म्हणून जुन्या प्रती पुसू नकोस. आणि नव्या आवृत्तीवर गेलास तरी जमिनीची आणि माडांची साफसफाई केल्याशिवाय जाऊ नकोस.

प्रश्न : माझा मुलगा दहावीला आहे. लॅपटॉपवर रेल्वेचे रूट बनवत असतो. त्याचा सिम्युलेटर ६४ बिटचा आहे, लॅपटॉपची रॅम ८ जीबी. दोन रूट जोडताना मेमरी कमी पडते म्हणून नवा लॅपटॉप मागतोय. घेऊन द्यावा का?
(गृहिणी, डिचोली)

उत्तर : ताई, नवा लॅपटॉप सध्या नको. ६४ बिटच्या प्रोग्रामला वरच्या उत्तरातली भिंत नसते. त्याची मर्यादा म्हणजे रॅम आणि डिस्कवरची पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती फाइल) यांची बेरीज. लॅपटॉप वेगवान होतो असं ऐकून बरेच जण पेजफाइल बंद करतात, आणि मग ८ जीबी भरले की प्रोग्राम कोसळतो. मुलाला ‘व्हर्च्युअल मेमरी’ची सेटिंग उघडून विंडोजला स्वतः सांभाळू द्यायला सांगा. सी ड्राइव्हवर मोकळी जागा आहे का तेही बघायला सांगा, कारण पेजफाइल वाढायला तिला जागा लागते. पुष्कळ घरांत इथेच प्रश्न मिटतो.

एवढं करून रूट जोडले गेले, पण लॅपटॉप तासन्‌तास घरघरत बसतो असं झालं, तर रॅम खरोखरच कमी आहे. अशा वेळी ८ जीबीची एक पट्टी घाला. काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डावरच डाग दिलेली असते आणि वाढवताच येत नाही, म्हणून पैसे देण्याआधी दुकानात मशीन उघडून स्लॉट दाखवायला सांगा. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर चित्रांसाठीही याच ८मधून जागा जाते, हेही धरून चाला.

त्याला यापासून तोडू नका एवढं मात्र आवर्जून सांगतो. रूट बनवणारं पोर चढ, वळण, नदीचं पात्र, पुलाची उंची हे सगळं हाताने मोजतं.

प्रश्न : मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी बनवलेला जुना रूट ट्रेन्झच्या रूटला मर्ज करता येईल का?
(वाचक, सांगे)

उत्तर : थेट नाही. २००१च्या त्या सिम्युलेटरचा जमिनीचा तुकडा २,०४८ मीटरचा, ट्रेन्झचा ७२०चा, आणि रुळांची नोंद ठेवायची पद्धतही वेगळी. जमिनीची उंची त्याच मूळ नकाशावरून ट्रेन्झमध्ये पुन्हा आणावी लागेल आणि रूळ नव्याने टाकावे लागतील. तो रूट नुसता चालवायचाच असेल तर ओपन रेल्स घ्या. तो फुकट आहे आणि ते जुने रूट जसेच्या तसे उघडतो.