गेलेल्या कारागिराची आठवण कशी जपावी?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वस्तीतले एक ज्येष्ठ सुतार नुकतेच वारले. पोटापाण्याचे काम सांभाळून त्यांनी वाचनालयाची कपाटे, शाळेची बाके, आजारी माणसांच्या खाटा आणि चाकांच्या खुर्च्या आयुष्यभर विनामूल्य दुरुस्त करून दिल्या. कोणत्याही सार्वजनिक कामाला ते सर्वांच्या आधी येत आणि आवराआवर संपल्याशिवाय घरी जात नसत. त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लावावी, असे काहींचे म्हणणे आहे. काहींना पुरस्कार सुरू करावासा वाटतो. आमचे एकमत होत नाही. आपण काय सुचवाल?
— एका स्वयंसेवी गटाचे सदस्य

उत्तर : तुमच्या पत्रात त्यांच्या कामांची जी यादी आहे, ती आधी पूर्ण करा; पाटी आणि पुरस्कार यांचा विचार नंतर झाला तरी काही बिघडत नाही. अशा माणसाच्या उपकाराची नोंद बहुधा कुठेच नसते, कारण त्याने कधी पावती फाडलेली नसते आणि ज्यांचे काम झाले त्यांनाही ते लिहून ठेवावेसे वाटलेले नसते. आठवणी पहिल्या काही महिन्यांत ताज्या असतात. पुढे त्या ‘फार मोठ्या मनाचा माणूस होता’ अशा एका वाक्यात गोळा होतात, आणि ते वाक्य कोणत्याही भल्या माणसाला लागू पडते.

म्हणून लोकांकडे जाल तेव्हा ‘ते कसे होते?’ असे विचारू नका. त्यांनी तुमच्याकडची कोणती वस्तू दुरुस्त केली, ती कशी मोडली होती आणि काम करताना ते काय सांगत होते, असे विचारा, आणि शक्यतो ती वस्तू समोर ठेवूनच विचारा. कपाटाचे दार उघडून पाहिल्यावर माणसाला आठवते, की नवी बिजागरी आणायला लावण्याऐवजी त्यांनी स्क्रूची सैल झालेली भोके लाकडाच्या बारीक काड्या आणि सरस घालून भरली होती, रात्रभर वाळू दिली होती आणि दुसऱ्या दिवशी येऊन जुनेच स्क्रू पुन्हा घट्ट बसवले होते. दुसऱ्याच्या दारासाठी पुन्हा येणारा, त्याचा खर्च वाचवणारा आणि घाई न करणारा माणूस एवढ्या तपशिलातून डोळ्यांपुढे उभा राहतो. हे बोलणे परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, सुरुवातीलाच बोलणाऱ्याचे नाव आणि तारीख उच्चारा, वस्तूचे छायाचित्र सोबत जोडा आणि सगळ्याच्या किमान तीन प्रती ठेवा, त्यांपैकी एक वेगळ्या घरात.

एक काळजी मात्र घ्या. त्यांच्या वहीत कोणाकडून पैसे घेतले नाहीत किंवा कोणाला उसने दिले, याच्या नोंदी सापडल्या, तर त्या स्मरणसभेत वाचून दाखवू नका आणि स्मरणिकेतही छापू नका. ज्यांना मदत झाली त्यांची अडचण या सुतारांनी आयुष्यभर झाकून ठेवली. ती आपण उघडी करणे म्हणजे त्यांचाच शब्द मोडणे होय.

याहून अवघड गोष्टही लिहितो, कारण ती सभेत बोलायला कोणी धजत नाही. सर्वांची कामे पडत्या भावात करणाऱ्या कारागिराच्या घरी पुष्कळदा फारशी शिल्लक नसते. गटातल्या, संस्थेतल्या किंवा वस्तीतल्या कोणाकडे त्यांची मजुरी वा सामानाचे पैसे राहिले असतील, तर पाटीची वर्गणी काढण्यापूर्वी ते घरी पोहोचते करा, आणि कुटुंबीयांना मागावे लागण्याआधी करा. ‘ते तर फुकटच करायचे’ हे वाक्य त्यांच्या माघारी फार सहज बोलले जाते. त्यांनी काय फुकट केले हे त्यांनी ठरवले होते. उरलेल्या कामाचे मोल द्यायलाच हवे.

आता पाटी आणि पुरस्कार. पाटीला माझा विरोध नाही, पण ते गेल्यापासून कोणकोणती कामे थांबली याची यादी करून पाहा. वाचनालयाची डगमगणारी शिडी कोण बघत होते, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी व्यासपीठाच्या फळ्या कोण तपासत होते, कोणत्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे असायची? एकटा माणूस सहज करत असलेले हे काम वाटून घ्यायला तीन-चार जण लागतात, असे बहुतेक ठिकाणी दिसून येते. ते वाटून घ्या. शिवाय ठरावीक दिवशी दुरुस्तीची बैठक भरवता आली तर फारच चांगले. मार्टीन पोस्टमा यांनी २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला आणि पुढे ही पद्धत अनेक देशांत पोहोचली. तिची खुबी अशी, की मोडकी वस्तू ठेवून निघून जायचे नसते. मालक जाणत्या स्वयंसेवकाशेजारी बसतो, स्वतः हात लावतो आणि शिकतो. पुरस्काराचा निधी जमणारच असेल, तर तो एखाद्या शिकाऊ कारागिराच्या पहिल्या हत्यारांसाठी खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शाल आणि सन्मानचिन्ह बहुधा अशांनाच मिळते, ज्यांना ते आधीही मिळालेले असते.

प्रश्न : माझे वडील लाकूडकाम करीत. त्यांची हत्यारे पेटीत तशीच पडून आहेत आणि काहींना गंज चढू लागला आहे. विकावीत, कोणाला द्यावीत की ठेवावीत, हे ठरत नाही.
— एक मुलगी

उत्तर : निर्णयाची घाई करू नका, पण गंज थांबवायला उशीरही करू नका, ताई. हत्यारे फरशीवरून उचलून कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. रंध्याचे पाते आत ओढून घ्या, पटाशांच्या धारा जाड कापडात किंवा चामड्यात गुंडाळा, वरवरचा गंज अगदी बारीक पोलादी काथ्याने हलक्या हाताने काढा आणि पात्यांवर यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा. लाकडी मुठी मात्र पॉलिश पेपरने घासून नव्यासारख्या करू नका. अंगठा टेकून पडलेली खळगी आणि घामाने आलेला काळपटपणा ही तुमच्या वडिलांच्या हाताची खूण आहे. एकदा घासली, की ती परत आणता येत नाही. मुठींना जवसाचे तेल लावलेत, तर त्याने भिजलेल्या चिंध्या चुरगळून एका जागी टाकू नका. वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळू द्या, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

हत्यारांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, फर्म्यांना, म्हणजे लाकडावर आकार आखण्यासाठी कापून ठेवलेल्या नमुन्यांना, जपा. पुठ्ठ्याचे, पातळ फळीचे ते वेडेवाकडे तुकडे घर आवरताना सर्वांत आधी कचऱ्यात जातात. व्हायोलिनचा थोर कारागीर आंतोनियो स्ट्रॅडिव्हरी १७३७ मध्ये वारला. त्याच्या कार्यशाळेतले साचे, नमुने आणि हत्यारे पुढे त्याचा मुलगा पाओलो याने एका संग्राहकाला विकली. ती हातोहात फिरत राहिली, अखेरीस जुझेप्पे फिओरिनी या व्हायोलिनकाराने विकत घेऊन १९३० मध्ये इटलीतल्या क्रेमोना शहराला दिली, आणि आज तिथल्या संग्रहालयात ती पाहता येतात. वाद्ये जगभर पांगली, तरी ती कशी घडली हे सांगणारे लाकडी साचे एकत्र टिकले, हे केवढे भाग्य! तुमच्या वडिलांच्या प्रत्येक फर्म्याचे शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या, मागेपुढे लिहिलेली मापे टिपून ठेवा आणि तो कशासाठी होता, हे त्यांच्या सोबत्याला विचारून त्यावर चिठ्ठी बांधा.

देण्याबद्दल विचाराल, तर एक-दोन वस्तू घरी ठेवून बाकीची रोज वापरणाऱ्याच्या हाती द्यावीत. विकावीशी वाटली, तरी त्यात कमीपणा नाही. हत्यारे ही कुटुंबाची मालमत्ता आहे आणि कोणी भीड घालून ती फुकट मागू नये.

प्रश्न : आमच्या उस्तादांनी एका बालवाडीसाठी करायला घेतलेले कपाट अर्धवट राहिले. मी पुरे करावे का?
— एक शिष्य

उत्तर : बालवाडीला कपाट हवे आहे आणि तुम्ही त्यांच्याच हाताखाली तयार झाला आहात, तेव्हा जरूर करा. पण आधी सगळे सुटे भाग मांडून छायाचित्रे घ्या. विजेरी बाजूने तिरपी धरली, की आखणीच्या बारीक रेषा उठून दिसतात. पेन्सिलीच्या खुणा पुसल्या जातील म्हणून फळ्या इतक्यात झटकू नका. त्यांनी कुठे थोडे माप जास्त सोडले आहे, ते पाहा. ते चुकून राहिले, असे धरून कापून टाकू नका; सांधा बसवून झाल्यावर तासून काढण्यासाठीही ते ठेवलेले असू शकते. तुमचे काम त्यांच्या कामासारखे हुबेहूब दिसावे, असा अट्टाहास नको. सांधा घट्ट बसावा आणि लहान मुलांच्या हाताला कुठे कुसळ लागू नये, एवढे पाहा. काम झाल्यावर आतल्या बाजूला त्यांचे नाव, त्याखाली तुमचे नाव आणि कोणता भाग कोणी केला हे पेन्सिलीने लिहा, आणि मापांचा कागद बालवाडीच्या ताब्यात द्या, म्हणजे पुढे कधी फळी बदलायची झाली तर कोणाला अडणार नाही.