लहान चणीचा हेवीवेट मोठ्या प्रतिस्पर्ध्याला कसा हरवतो?

प्रश्न : ओलेक्सांद्र उसिक याने आपल्यापेक्षा उंच आणि कितीतरी वजनदार असलेल्या टायसन फ्युरीला दोनदा हरवले. वजनाचा गैरफायदा कोणाला मिळू नये म्हणूनच मुष्टियुद्धात वजनगट असतात ना? मग हेवीवेटमध्ये एवढी तफावत कशी चालते, आणि लहान चणीचा मुष्टियोद्धा ती भरून कशी काढतो?

उत्तर : हेवीवेट हा सर्वांत वरचा गट असल्यामुळे त्याला खालची मर्यादा असते, वरची नसते. म्हणूनच मे 2024 मध्ये रियाधला सुमारे 101 किलोचा उसिक 119 किलोच्या फ्युरीसमोर उभा राहू शकला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमधल्या दुसऱ्या लढतीत हा फरक जवळजवळ 25 किलोंवर गेला.

ही तफावत ताकदीने भरून निघत नाही. ती अंतराने भरून काढावी लागते. उंच माणसाचा हात पूर्ण लांबून ठोसा बसतो, पण आखूड हाताचा ठोसा मात्र पोहोचत नाही, असा एक पट्टा दोघांच्या मध्ये असतो. लहान मुष्टियोद्ध्याने एक तर त्या पट्ट्याच्या पूर्ण बाहेर राहावे किंवा त्यातून झपाट्याने आत शिरावे. तिथे रेंगाळला, की त्याची लढत बिघडलीच म्हणून समजा. आत शिरण्याची वेळही प्रतिस्पर्धीच देतो. त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) निघाला, की गुडघे वाकवून डोके त्या हाताच्या बाहेरच्या बाजूला न्यायचे आणि त्याच हालचालीत पुढचे पाऊल टाकायचे. जॅब खांद्यावरून निघून जातो, आणि तो हात परत गार्डवर (चेहऱ्यासमोरच्या बचावाच्या जागी) येईपर्यंतचा क्षण आपला असतो. डोके आधी हलवून पाऊल नंतर टाकणारा तिथेच अडकतो, कारण तोवर दुसरा ठोसा निघालेला असतो.

आत गेल्यावर चेहऱ्याच्या मागे लागण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. उंच माणसाचा जबडा वर आणि दूर असतो, बरगड्या मात्र समोरच असतात, आणि पोटावर बसलेल्या ठोशांची किंमत आठव्या-नवव्या फेरीत त्याच्या पायांना मोजावी लागते. 4 जुलै 1919 रोजी टोलेडो येथे जॅक डेम्प्सी सुमारे 85 किलोचा होता आणि विजेता जेस विलार्ड 111 किलोचा. डेम्प्सीने आधी शरीरावर प्रहार केला आणि विलार्डचे लक्ष तिकडे गेल्यावर डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) जबड्यावर आणला. पहिल्याच फेरीत विलार्ड सात वेळा खाली पडला आणि तिसऱ्या फेरीनंतर त्याने लढत सोडली. पडलेला माणूस उठत असतानाच त्याच्याजवळ उभे राहून पुन्हा मारण्याची मुभा तेव्हा होती, आज ती नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

मोठा मुष्टियोद्धा आणखी एक काम करतो, ज्याकडे प्रेक्षकांचे फारसे लक्ष जात नाही. तो मिठी मारून आपले सगळे वजन लहान माणसाच्या मानेवर टाकतो. अशी दहा-बारा ओझी वाहिल्यावर पाय जड होतात. त्यावर उपाय म्हणजे डोके त्याच्या छातीला लावून दोन्ही हात त्याच्या हातांच्या आत ठेवणे आणि रेटारेटी न करता बाजूला वळणे.

केवळ आकाराला घाबरण्याचे कारण नाही, याचे उत्तम उदाहरण मुष्टियोद्धा डेव्हिड हे (Haye) याच्या दोन लढतींत सापडते. नोव्हेंबर 2009 मध्ये न्यूरेम्बर्गला त्याने सात फूट उंच आणि सुमारे 143 किलोच्या निकोलाय व्हॅल्यूएव्हला गुणांवर हरवले. मारायचे आणि लगेच बाजूला व्हायचे, एवढेच धोरण त्याने बारा फेऱ्या पाळले. मात्र 2011 मध्ये हॅम्बर्गला व्लादिमिर क्लिच्कोसमोर त्याची डाळ शिजली नाही. क्लिच्को व्हॅल्यूएव्हपेक्षा तीसेक किलोंनी हलका होता, पण त्याचा जॅब अचूक होता आणि पाय नेहमी योग्य जागी असत. उंच माणसाला अंतर राखता येत असेल, तर लहान माणसाचे काम अनेक पटींनी अवघड होते.

उसिकने नेमके अंतर राखण्याच्या याच कामात फ्युरीला मागे टाकले. तो डावखुऱ्या पवित्र्यात लढतो. आपले पुढचे पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पावलाच्या बाहेर ठेवले, की त्याचा डावा ठोसा सरळ मधून जातो, आणि समोरच्याला उत्तर देण्यासाठी आधी वळावे लागते. पहिल्या लढतीच्या मधल्या फेऱ्यांत फ्युरीच्या अपरकटनी (खालून वर मारलेल्या ठोशांनी) त्याला बराच त्रास दिला, तरी तो मागे हटून बसला नाही. नवव्या फेरीत त्याच्या डाव्या ठोशांनी फ्युरी दोरांवर आदळत राहिला आणि पंचाने तो पाडला गेल्याचे मानून मोजणी केली, आणि त्यात फ्युरीचा एक जादा गुण गेला. त्या एका मोजणीचा गुण नसता, तर परीक्षकांच्या गुणपत्रिकांनुसार लढत बरोबरीत सुटली असती.

प्रश्न : मग अशा मुष्टियोद्ध्याने वजन वाढवावे, की वेगावरच भिस्त ठेवावी?

उत्तर : पावलांचा वेग आणि दम कायम राहील, तेवढेच वाढवावे. उसिक आधी 90.7 किलोंच्या मर्यादेच्या क्रूझरवेट गटात निर्विवाद विजेता होता. हेवीवेटमध्ये त्याने दहा-बारा किलो वाढवले, पण फ्युरीच्या वजनाची बरोबरी करण्याच्या फंदात तो पडला नाही. वजनापेक्षा मला संयमाची काळजी अधिक वाटते. 1941 मध्ये लाइट हेवीवेटचा (हेवीवेटपेक्षा हलक्या गटाचा) माजी विजेता बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर हेवीवेट विजेता जो लुईसच्या गुणांत पुढे होता. उरलेल्या तीन फेऱ्या त्याच वेगाने आणि त्याच अंतराने काढल्या असत्या, तर विजेतेपद त्याचेच होते. पण तेराव्या फेरीत तो लुईसला पाडण्याच्या इर्षेने समोरासमोर उभा राहून भिडला, आणि ती फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना नॉकआउट झाला.