मुसकं, मुसक्या, मुस्कटदाबी आणि गळचेपी

दारव्ह्याकडच्या एका खेड्यात मराठी शिकवणाऱ्या ताईंनी विचारलंय. 'लोकशाही आणि वृत्तपत्रे' या निबंधात नववीतल्या एका पोरानं लिहिलं, 'सरकारने वर्तमानपत्रांच्या मुसक्या आवळू नयेत.' ताईंनी लाल शाईनं 'मुस्कटदाबी करू नये' अशी दुरुस्ती केली. त्यावर पोरगं म्हणालं, "मॅडम, बैलाले मुसकं बांधतेत नं, मंग?" बरोबर कोण, आणि गळचेपी म्हणजेही हेच का?

दुरुस्ती बरोबरच आहे. पण पोराच्या डोळ्यापुढं जे होतं, तेही खरं आहे.

डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या, दिवसांत बैलजोडी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) तासातून चालते, तेव्हा कोवळे शेंडे बैलांच्या अगदी तोंडाशी येतात. मान जराशी वळली की दोन झाडं गेली. म्हणून तोंडाला दोरीची जाळी बांधायची. आमचे आजोबा ती अंबाडीच्या दोरीची विणत, आता बाजारात नायलॉनची मिळते. बैलाला श्वास घेता येतो, जीभ नाकपुडीपर्यंत जाते, फक्त घास घेता येत नाही. हे मुसकं.

मुसक्यांचा तोंडाशी संबंध नाही. माणसाचे दोन्ही हात पाठीमागं ओढून बांधणं म्हणजे मुसक्या बांधणं किंवा आवळणं. हिंदीतलं 'मुश्कें कसना' तेच. 'चोरट्याच्या मुसक्या आवळल्या' हा मथळा आपण रोज वाचतो. संपादकाला पकडून नेलं तर त्याच्या मुसक्या आवळल्या म्हणता येईल, बातमी दाबली तर नाही. त्या पोरानं 'वर्तमानपत्राला मुसकं बांधू नये' असं लिहिलं असतं, तर मी पूर्ण गुण दिले असते.

आता मुस्कटदाबी. मुस्कट हा तोंडासाठीचा हलका, रागाचा शब्द. 'मुस्कटात देईन' आपण भांडणात म्हणतो, पाहुण्याच्या चेहऱ्याला कुणी मुस्कट म्हणत नाही. त्यामुळं मुस्कटदाबीत नुसतं गप्प करणं नाही, अपमानही आहे. ज्याचं तोंड दाबलं, त्याची बोलायची लायकीच नाही असं दाबणारा धरून चालतो.

गळचेपीत हात खाली, गळ्यावर येतो. तिथं बोलण्याबरोबर श्वासही अडकतो. आणीबाणीत दोन्ही झालं. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली, ती गळचेपी. नंतर मजकूर छापण्याआधी सरकारी अधिकाऱ्याकडून तपासून घ्यायची सक्ती आली, ती मुस्कटदाबी.

आपल्याकडं गळचेपीच जास्त दिसते. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक वेळा पगार नसतो. त्याचं घर १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि दिवाळीच्या शुभेच्छा जाहिरातींच्या कमिशनवर चालतं. माझ्या ओळखीच्या एकानं नळयोजनेच्या अर्धवट खोदलेल्या नालीची बातमी फोटोसकट दिली. त्याला कुणी धमकावलं नाही, तोंडावर बोटही ठेवलं नाही. फक्त त्या दिवाळीत नेहमीच्या चार जाहिराती आल्या नाहीत. त्यानंतर त्यानं पाण्याबद्दल काही लिहिलं नाही. याला मुस्कटदाबी म्हटलं तर शब्द चुकतो, आणि जे घडलं तेही झाकलं जातं.

हे शब्द फक्त वर्तमानपत्रांसाठी राखून ठेवू नयेत, असं मला मनापासून वाटतं. संविधानाच्या भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या अनुच्छेद १९ मध्ये वृत्तपत्र हा शब्दच नाही, तिथं 'सर्व नागरिकांना' आहे. वृत्तपत्राला नागरिकापेक्षा वेगळे खास हक्क नाहीत, हे डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत स्पष्ट सांगितलं होतं. वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य न्यायालयांनी याच अनुच्छेदातून मान्य केलं. म्हणून ग्रामसभेत एखादी बाई टाकीचा हिशेब मागायला उभी राहते आणि मागून आवाज येतो, "बस वो, तुले काय समजते त्यातलं," तेव्हा तीही मुस्कटदाबीच. मुस्कट शब्दातला अपमान तिथं जसाच्या तसा असतो.

ताई, वहीत तुमची दुरुस्ती राहू द्या. बाजूला मुसक्याचं मुसकं करून 'हेही चालेल' एवढं लिहा, आणि वर्गात एकदा मुसकं घेऊन या. कुणाच्या ना कुणाच्या बैलांच्या कोठ्यात खुंटीला टांगलेलं असेलच.