अल्कॅप्टोन्युरियात गुडघा बदलून उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय, भावाचा आजार तर अंगातच राहणार, मग नवा गुडघाही काळा पडून झिजेल का? नाही. या आनुवंशिक आजारात शरीरात न मोडलं जाणारं होमोजेंटिसिक आम्ल कूर्चेत, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात, साचून तिला काळी आणि ठिसूळ करतं. नवा सांधा धातूचा आणि प्लॅस्टिकचा, त्यात कूर्चाच नसते. माझा उजवा गुडघा बदलून नऊ वर्षं झाली, डावा सहा. दोन्ही ठणठणीत.

माझं तर निदानच ऑपरेशन टेबलावर झालं. तोवर पाठ धरली की स्पॉन्डिलायटिस, गुडघे दुखले की ‘वजन कमी करा’. सर्जननी गुडघा उघडला, तर आत पांढरी दिसायला हवी ती कूर्चा काळीकुट्ट! नंतर त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. चुलीतून काढलेल्या करवंटीचे तुकडे वाटावेत. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “तुझे लंगोट सोड्यात भिजवले की काळे पडायचे. किती फेकले मी!” त्या आम्लामुळे लघवी काळी पडते ना! वडिलांनी मामाचीच मुलगी केलेली. आईवडील नात्यातले असण्याचा या आजाराशी संबंध आहे, हे लंडनच्या डॉ. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ सालीच लिहून ठेवलंय. आमच्याकडे कळायला २०१५ उजाडलं.

भुलीच्या डॉक्टरांना मात्र आधीच भेटा. या आजारात मणक्यांमधल्या चकत्यांत कॅल्शियम साचतं, त्यामुळे पाठीत भुलीची सुई जाता जात नाही. मला चार वेळा टोचून शेवटी पूर्ण भूल द्यावी लागली. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, कारण हृदयातली महाधमनीची झडपही कडक होते. स्नायुबंधही ठिसूळ असतात, तेव्हा फिजिओथेरपिस्टला गुडघा जबरदस्तीने वाकवू देऊ नका.

नायटिसिनोन या गोळीला युरोपात २०२० मध्ये मान्यता मिळाली. तिने आम्ल खूप कमी होतं, पण गेलेली कूर्चा परत येत नाही. शिवाय रक्तात टायरोसिन (प्रथिनांतून मिळणारा एक घटक) वाढून डोळ्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून प्रथिनं मोजून खावी लागतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि तुम्ही सख्खे भावंड ना? मग तुम्हालाही हा आजार असण्याची शक्यता चारात एक. आज रात्री स्वतःची लघवी काचेच्या बाटलीत उघडी ठेवा, सकाळी रंग बघा. काळी पडली नाही तरी लॅबमध्ये होमोजेंटिसिक आम्लाची तपासणी कराच.