आकडा नको, नाव लिही

चि. पोरी,

तुझा मेल आणि तक्ता दोन्ही पाहिले. लाहौलमधल्या त्या ओढ्यात पूर्वीपेक्षा आज किड्यांच्या जास्त जाती सापडतात, मग हिमनदी आटल्याने नुकसान झालं असं कोणत्या तोंडाने लिहू, असं विचारतेस. आधी सांग, जास्त कोण? तक्त्यात नुसते आकडे. नावं कुठे आहेत?

हिमनदीच्या तोंडाशी पाणी जेमतेम दोन-चार अंशांचं, दगडाच्या पिठाने दुधाळ, दुपारी फुगणारं. तिथे डायामेसा या चिलटासारख्या किड्याच्या अळ्यांखेरीज फारसं कुणी टिकत नाही. बर्फ मागे सरकला, त्याचं पाणी ओसरलं, की ओढा निवळतो, ऊन तळाशी पोचतं, दगडांवर शेवाळ धरतं आणि खालचे किडे वर चढतात. संख्या वाढणारच! पण वरच्यांनी चढायचं कुठे?

नेपाळमध्ये लांगटांग खोऱ्यातल्या ‘याला’ नावाच्या हिमनदीवर उणे १६ अंशांतही हिंडणारी डायामेसा १९८४ साली जगापुढे आली. त्याच हिमनदीला २०२५च्या मे महिन्यात लोकांनी अखेरचा निरोप दिला. अमेरिकेत माँटानाच्या बर्फाळ ओढ्यांतल्या स्टोनफ्लाय या पाणकिड्यांच्या दोन जातींना २०१९मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, कारण त्यांना नावानिशी ओळखणारी माणसं होती. ‘किडे, एकूण इतके’ एवढ्यावर कुणाला संरक्षण मिळत नाही.

ओळख पटवण्यात फार वेळ घालवतो म्हणून माझा एक प्रकल्प मध्येच बंद केला गेला. कुळापर्यंत ओळखलं तरी पुरे, असं सुनावलं. मी ऐकलं नाही, आजही ऐकणार नाही. नुसतं ‘कायरोनॉमिडी’ हे कुळाचं नाव लिहिलं असतं तर बर्फाच्या पाण्यातली अळी आणि गावच्या डबक्यातली अळी एकाच रकान्यात गेली असती. सल वेगळीच आहे. ज्या ओढ्यांपर्यंत तेव्हा पोचता आलं नाही, तिथे कोण राहत होतं हे आता कधीच कळणार नाही.

तेव्हा कंटाळू नकोस. अळीचं डोकं वेगळं काढ, स्लाइडवर उताणं ठेव, वरची काच हलकेच दाब आणि जबड्यांमधल्या पट्टीचे दात मोज. डोळे दुखतील, दुखू देत. कुपीत चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहून टाक, अल्कोहोलमध्ये शाई पसरते.

आणि पूर्वीच्या नमुन्यांच्या कुप्या विभागातल्या कपाटात असतील, त्या आधी ताब्यात घे. कपाटं आवरताना अशाच गोष्टी पहिल्या फेकल्या जातात. प्रबंध लांबला तर लांबू दे, तुझ्या गाइडशी मी बोलतो.