गोटा उठत नाही, मागची चाकं उठतात

प्रश्न : कारंजा (घाडगे) तालुक्यात आमचं अडीच एकर बरड आहे. येत्या पावसाळ्यात तिथं संत्र्याची कलमं लावायची आहेत, पण वावरात काळे गोटे जागोजागी. ४२ एचपीच्या ट्रॅक्टरला मी जुना फ्रंट लोडर, म्हणजे पुढचे उचलायचे हात आणि बकेट, बसवून घेतला. लहान गोटे निघाले. एक मात्र ४ फूट लांब, ३ फूट रुंद, जमिनीवर अडीच फूट दिसतो. बकेट खाली घालून उचलायला गेलो की ट्रॅक्टरची मागची चाकंच उठतात. मुलगा म्हणतो, मागे ड्रॉबारवर, म्हणजे ट्रॉली जोडायच्या दांड्यावर, चार पोट्टे उभे करू. करावं का?
— एक कास्तकार, जि. वर्धा

उत्तर : पोट्टे आधी खाली उतरवा भाऊ, मग पुढचं बोलू. ड्रॉबारवर उभा राहिलेला माणूस वजनाला पन्नास-साठ किलोचा, आणि हात सुटला तर थेट मोठ्या चाकाखाली.

आता गोट्याचा हिशेब. काळा दगड घनफुटाला ८० किलोच्या वरच भरतो. तुमच्या मापानं ३० घनफुटांचा खोका होतो. गोटा गोलसर, म्हणून निम्मा धरा. तरी १२ क्विंटल झाले, आणि हे फक्त दिसतं तेवढ्याचं. मुरमातले हे गोटे कांद्यासारखी सालपटं सुटून गोल झालेले असतात, खाली किती बसलाय ते उकरल्याशिवाय कळत नाही. तुमच्या लोडरच्या पाटीवर ८०० किलो लिहिलं असलं, तरी ते हातांच्या टोकाच्या पिनेजवळचं. बकेटच्या ओठावर, दीड-दोन फूट पुढं, तेवढं उचलत नाही.

चाकं का उठतात? बंडी धुरजड झाली की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो ना, तसंच. इथं मान म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल. आणि आपल्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्याच चाकांना. मागची चाकं हलकी झाली की पाय ब्रेकवर असून नसून सारखाच.

हे मी भोगलं आहे. माझा ३५ एचपीचा ट्रॅक्टर, बकेटमध्ये छातीइतका वर धरलेला गोटा, आणि नाल्याकडे उतार. ब्रेक दाबला तर चाकं थांबली, ट्रॅक्टर घसरतच राहिला. तेवढ्यात हात लिव्हरवर गेला, बकेट धाडकन जमिनीवर टेकली आणि तिनंच आम्हाला धरलं. गोटा पुढं उडून नाल्यात गेला. घरी मी फक्त एवढंच सांगितलं, की ट्रॅक्टर बंद पडला होता.

तेव्हापासून मागे वजन लावल्याशिवाय मी लोडरला हात लावत नाही. २०० लिटरचा लोखंडी ड्रम काँक्रीटनं भरला तर पावणेपाच क्विंटलच्या आसपास जातो. तो थ्री-पॉइंटला, म्हणजे मागे अवजार जोडायच्या तीन दांड्यांना लावायचा. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागं लटकतो, म्हणून पुढच्या अ‍ॅक्सलचा भारही थोडा हलका करतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरलं तर चांगलंच, पण ते पुढचा भार हलका करत नाही. ड्रम होईपर्यंत रोटाव्हेटर जोडा, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) बंद ठेवून. पुढं मात्र एक किलोही वाढवू नका.

एवढं करूनही तुमचा हा गोटा लोडरनं उचलायचा नाहीच. त्याला उचलायची गरजही नाही, धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत न्यायचाय ना? आधी चारी बाजूंनी उकरा. जमीन सुकी असतानाच, म्हणजे मृगाच्या आधी. ओल्या काळ्या मातीत गोटाही चिकटतो आणि टायरही. मग सब्बल घालून एका बाजूनं उचकटा, फटीत लाकडी ठोकळा सरकवा, पुन्हा उचकटा. हात फटीत घालू नका, ठोकळा ठोकळ्यानंच ढकला. जाड पत्र्याची घसरगाडी करून गोटा तिच्यावर लोळवा आणि साखळीनं ओढा. साखळी खालच्या ड्रॉबारलाच. टॉप लिंकच्या (तीन दांड्यांतल्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा वर कुठं बांधली, तर पुढची चाकं उठून ट्रॅक्टर मागं उलटतो. ओढताना साखळीच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

लोडरनं जे गोटे उचलाल, ते बकेट गुडघ्याइतकी खाली धरूनच न्या. वर उचलून मागं कलवलं की गोटा बकेटच्या पाठीवरून घरंगळत बॉनेटवर, नाहीतर तुमच्या मांडीवर येतो. डाव्या-उजव्या चाकाच्या दोन्ही ब्रेकचे पेडल पट्टीनं जोडलेले असू द्या. बकेटच्या एका कोपऱ्यानं गोटा उचकटू नका, लोडरचे हात पिळतात. मी एकदा पिळवले आहेत, वेल्डिंगवाल्याकडे दोन दिवस गेले.

सुरुंगाचा विचार मनात असला तर सोडा. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. गोटा हलतच नसेल तर वडाराला बोलवा, तो ओळीनं भोकं पाडून पाचरी ठोकतो आणि दगड आपल्या रेघेवर फुटतो. तुकडे नाल्यावरच्या अनघड दगडी बांधाला कामी येतील. विकायचे असतील तर तहसीलला विचारूनच ट्रॉली गावाबाहेर काढा.

आणि ड्रममध्ये काँक्रीट ओतण्याआधी थ्री-पॉइंटच्या पिना आत बसवून घ्या, लिंकला लावून माप बघा. माझा पहिला ड्रम अजून अंगणात आहे, त्यावर कपडे वाळतात.