आडनावांवरून न्यायाधीश मोजू नका

मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची यादी घेऊन आडनावांवरून जातवार टक्केवारी काढली तर ती ग्राह्य धरावी का, असं तुम्ही विचारलं आहे. माझ्या मते धरू नये. पाटील मराठ्यांत आहेत, आगरी-कोळ्यांत आहेत, लिंगायत, जैन आणि मुसलमानांतही आहेत. जाधव, पवार, गायकवाड मराठ्यांत सापडतात तसेच बौद्धांतही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या न्यायमूर्तींच्या बाबतीत तर तुम्ही त्यांच्या सासरची जात मोजाल. अशा तक्त्यातून न्यायसंस्था दिसत नाही, मोजणाऱ्याचे अंदाज दिसतात.

त्याऐवजी स्वतः दिलेली माहिती वापरा. २०१८ पासून उच्च न्यायालयासाठी शिफारस झालेल्यांकडून सामाजिक पार्श्वभूमीचा तपशील भरून घेतला जातो आणि कायदा मंत्रालय त्याची बेरीज संसदेत देतं. जुलै २०२३ पर्यंतच्या ६०४ नेमणुकांचा हिशोब असा: सर्वसाधारण ४५८, अनुसूचित जाती १८, अनुसूचित जमाती ९, ओबीसी ७२, अल्पसंख्याक ३४, माहिती नाही १३.

इथे टक्के काढण्याआधी "लोकसंख्येच्या प्रमाणात किती असते?" हे विचारा. २०११च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के, जमाती ८.६ टक्के. म्हणजे ६०४ मध्ये साधारण १०० आणि ५२. प्रत्यक्षात १८ आणि ९. दोन्हीकडे पाचात एकही पुरता नाही.

आता एक खाच, जी महाराष्ट्राला विशेष लागू आहे. वरच्या सहा आकड्यांची बेरीज बरोबर ६०४ येते, म्हणजे प्रत्येक व्यक्ती एकाच रकान्यात आहे. मग बौद्ध न्यायाधीश कुठे धरले? बौद्ध हे अधिसूचित अल्पसंख्याक आहेत आणि १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. तक्ता यावर गप्प आहे. म्हणून मी सगळ्यात उदार गृहीतक घेऊन पाहतो: सगळे अल्पसंख्याक आणि माहिती नसलेले सगळे अनुसूचित जातीचे समजा. तरी १८ + ३४ + १३ = ६५. शंभर होत नाहीत. माहितीत भोकं असतील तेव्हा अशी कमाल मर्यादा काढावी. त्यानंतरही तफावत उरली तर ती खरी आहे.

ओबीसींबाबत मात्र असं गुणोत्तर काढू नका. भागायला छेदच नाही. जातवार पूर्ण मोजणी प्रसिद्ध झाली ती शेवटची १९३१ ची, आणि मंडल आयोगाचे ५२ टक्के हा तिच्यावर बेतलेला अंदाज. येत्या जनगणनेत जात मोजायचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये झाला आहे, तोवर थांबलेलं बरं.

"लोकसंख्येशी कशाला तुलना, पात्र उमेदवारांशी करा" हा आक्षेप तुम्हाला येणारच. अनुच्छेद २१७ प्रमाणे दहा वर्षांची वकिली किंवा न्यायिक सेवा लागते, तेव्हा तो अगदीच फोल नाही. पण त्यानं उत्तर कसं बदलतं ते स्त्रियांच्या आकड्यांत पाहा. २०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनी देशातल्या वकिलांत स्त्रिया साधारण १५ टक्के असल्याचं सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२३ च्या अहवालात उच्च न्यायालयांत १३.४ टक्के. वकिलांशी ताडलं तर सगळं जवळजवळ आलबेल. त्याच अहवालात जिल्हा न्यायव्यवस्थेत स्त्रिया ३६.३ टक्के आहेत, आणि तिथला बहुतांश प्रवेश स्पर्धा परीक्षेतून होतो. अलीकडच्या तुकड्यांत मुली जास्त आहेत, त्यामुळे फरकाचा काही भाग वयाचा आहे, हे मान्य. पण निवड कॉलेजियमच्या, म्हणजे नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाच्या, हाती गेली की आकडा निम्म्याच्याही खाली येतो, हे मला फार खटकतं. म्हणून दोन्ही छेद शेजारी शेजारी मांडा. गळती कुठे होते ते त्यातूनच कळतं.

सर्वोच्च न्यायालयासाठी टक्केवारी सोडूनच द्या. मंजूर पदं ३४, म्हणजे एक न्यायाधीश आला-गेला की तीन टक्के हलतात. तिथे वर्षं मोजा. १९५० पासून १९८९ मध्ये फातिमा बीवी येईपर्यंत एकही स्त्री नाही. मे २०१० मध्ये न्या. बालकृष्णन निवृत्त झाल्यापासून मे २०१९ मध्ये अमरावतीचे न्या. भूषण गवई येईपर्यंत अनुसूचित जातीचे एकही न्यायाधीश नाहीत. नऊ वर्षं! कुठल्याही टक्केवारीपेक्षा हे जास्त बोलतं.

आणि नेमणुकीच्या वेळचं वय जरूर लिहा. निवृत्ती ६५ ला, सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेनं, कॉलेजियममध्ये सर्वांत ज्येष्ठ पाच. उशिरा आलेला न्यायाधीश मोजणीत एक भरतो, पण निवड करणाऱ्यांत पोचतच नाही. ज्येष्ठतेच्या क्रमानं न्या. नागरत्ना २०२७ मध्ये पहिल्या स्त्री सरन्यायाधीश होतील, त्याही ३६ दिवसांसाठी. यशवंत चंद्रचूड त्या पदावर सात वर्षं होते.

तेव्हा तुमच्या तक्त्यात रकाने ठेवा ते जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, वकिलीतून की जिल्हा न्यायालयातून, स्त्री की पुरुष, आणि घरात आधी कोणी न्यायाधीश होतं का. जातीचा रकाना ज्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितली आहे त्यांच्यापुरताच भरा, बाकी ठिकाणी "माहीत नाही" लिहा. तक्ता झाला की इथे टाका, आकडेमोड मी तपासून देतो.